पाण्यातील अमोनिया आणि रंगाची साक्ष
(पाणी-गुणवत्ता प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



हळदीला चुना लागला म्हणजे ती लाल होते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. पदरावर पडलेला आमटीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, तोही याच कारणाने. हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याचा अल्कधर्मी पदार्थाशी संयोग झाला की त्याचा रंग पालटतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थाची ओळख रंगाच्या बदलावरून पटविणे, ही रसायनशास्त्राची रीत अशा प्रकारे स्वयंपाकघरापर्यंत पूर्वीच पोहोचलेली आहे.

आजचा विषय याच रीतीचा एक उपयोग आहे. गावाच्या विहिरीत किंवा नळाच्या पाण्यात अमोनिया आहे काय, हे रंगावरून कसे ओळखतात आणि त्या रंगाचा अर्थ गावाने कसा लावावयाचा, हा तो विषय होय. त्यातील पहिला भाग रसायनशास्त्राचा आहे, दुसरा ग्रामपंचायतीचा. पहिला भाग प्रयोगशाळा करून देऊ शकते. दुसरा मात्र गावालाच करावा लागतो.

अमोनियाचा पाण्याशी संबंध

पहाटे बंद गोठ्याचे दार उघडले की जो उग्र वास नाकाला झोंबतो, तो अमोनियाचा. मूत्रातील युरियाचे सूक्ष्म जीवाणूंमुळे विघटन होते आणि अमोनिया तयार होतो. विष्ठा, उकिरडा, मेलेली जनावरे, कुजणारा पालापाचोळा या सर्वांतील नायट्रोजनयुक्त द्रव्ये कुजताना हीच अवस्था येते. शेतात टाकलेल्या युरियाचेही प्रथम अमोनियातच रूपांतर होते. जमिनीत व पाण्यात प्राणवायू उपलब्ध असेल तर दुसरे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट बनवितात.

या क्रमाला पाणी तपासणीत फार महत्त्व आहे. पाण्यात नायट्रेट अधिक आढळले तर घाण मिसळून काही काळ लोटला असावा, असा तर्क करता येतो. अमोनिया आढळला तर घाण नुकतीच मिसळली असण्याची किंवा अद्यापि मिसळत असण्याची शक्यता असते. अमोनिया हा अशा वेळी ताज्या दूषिततेचा निदर्शक ठरतो.

मात्र पाण्यात विरघळलेल्या अल्प अमोनियाला वास येत नाही. सर्वसाधारण पाण्यात त्याचा बहुतेक भाग अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि हा आयन हवेत उडून जात नाही. भारतीय मानक १०५००, सन २०१२, यानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण अमोनिया, नायट्रोजनच्या रूपात मोजला असता, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. एवढ्या प्रमाणाचा नाकाला किंवा जिभेला पत्ता लागत नाही. "पाणी स्वच्छ दिसते, वासही नाही," हा गावातील नेहमीचा निर्वाळा येथे अपुरा पडतो.

तीन परीक्षा

शाळेत सहज करता येण्याजोग्या एका प्रयोगाने विषयाची सुरुवात करता येईल. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर जो पांढरा खडा फिरवितो तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. चिमूटभर नवसागर आणि चिमूटभर कळीचा चुना थोड्या पाण्यात एकत्र केले की अमोनिया वायू सुटू लागतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाची पट्टी ओली करून त्यावर धरली, तर ती तांबूस होते. लाल लिटमस कागद निळा होतो. हा प्रयोग मोकळ्या हवेत, अल्प प्रमाणात आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. भांड्यावर नाक नेऊन वास घेऊ नये. नवसागरात विरंजक चूर्ण, म्हणजे टी.सी.एल. पावडर, कदापि मिसळू नये. दिसावयास ती चुन्यासारखीच पांढरी असते. परंतु त्या मिश्रणातून घातक वायू निर्माण होतात.

आता या परीक्षेची मर्यादा पाहावयास हवी. पट्टी लाल झाली, यावरून अल्कधर्मी पदार्थ भेटला एवढेच सिद्ध होते. तो अमोनिया होता, की चुन्याचा शिंतोडा उडाला होता, की साबणाचा हात लागला होता, हे हळद सांगू शकत नाही. लिटमसचीही हीच स्थिती आहे.

दुसरी परीक्षा मोरचुदाची. द्राक्षबागायतदारांना मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण परिचित आहे. ते फिकट निळ्या चोथ्यासारखे दिसते. मोरचुदाच्या द्रावणात चुन्याऐवजी अमोनियाचे द्रावण थेंबथेंब घातले, तर प्रथम तसाच फिकट निळा साका बनतो. परंतु आणखी अमोनिया घालताच तो विरघळतो आणि द्रावण गडद, झळझळीत निळे होते. चुन्याने असे होत नाही. अर्थात चुना आणि अमोनिया यांतील फरक मोरचूद दाखविते. तथापि, त्यासाठी अमोनिया भरपूर असावा लागतो. विहिरीच्या पाण्यातील लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमचा शोध त्याने लागणार नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी तिसरी परीक्षा हवी. ती अमोनिया नेमका ओळखणारी असावी आणि अत्यल्प प्रमाणातही रंग देणारी असावी.

नेसलर आणि बर्थेलो

असे द्रावण जर्मन कृषिरसायनशास्त्रज्ञ यूलियस नेसलर यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. पारा, आयोडीन आणि पोटॅशियम यांचे संयुग तीव्र अल्कधर्मी द्रावणात विरघळवून ते तयार होते. अमोनिया असलेल्या पाण्यात ते मिसळले की पाणी पिवळे होते. प्रमाण वाढेल तसा रंग नारिंगी व तपकिरी होत जातो आणि अमोनिया फार असेल तर तपकिरी साका खाली बसतो. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी अमोनियाचा मागोवा या द्रावणाने घेता येतो.

यानंतर तीनच वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनी दुसरी विक्रिया नोंदविली. अमोनिया, फेनॉल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की निळा रंग उत्पन्न होतो. तो इंडोफेनॉल या रंगद्रव्याचा असतो. पुढे फेनॉलऐवजी सोडियम सॅलिसिलेट वापरण्याची सुधारित पद्धती आली. तिच्यात द्रावण बहुधा हिरवे दिसते, कारण विक्रियाकारकाचा पिवळा आणि इंडोफेनॉलचा निळा हे रंग एकमेकांत मिसळतात.

या शोधांचा उपयोग लवकरच सार्वजनिक आरोग्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये वँकलिन, चॅपमन आणि स्मिथ यांनी १८६७ मध्ये पाण्यातील नायट्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्य अमोनियाच्या रूपाने मोजण्याची पद्धती मांडली आणि तो अमोनिया नेसलरच्या द्रावणाने मापला जाऊ लागला. पटकीच्या जंतूचे रॉबर्ट कॉख यांचे कलकत्त्यातील संशोधन १८८४ चे आहे. म्हणजे रोगाचा जंतू हाती लागण्यापूर्वीच, घाण मिसळल्याची साक्ष रंगावरून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. आजही जंतुपरीक्षेच्या निकालाला साधारणपणे एक ते दोन दिवस लागतात. अमोनियाची रंगचाचणी काही मिनिटांत होते. तिचे मोल मुख्यतः या तत्परतेत आहे.

चाचणी करताना

पद्धती सोपी आहे. परंतु शिस्त मागणारी आहे. ५० मिलिलिटर पाणी सपाट बुडाच्या, एकसारख्या काचनळीत घ्यावयाचे, ठराविक प्रमाणात द्रावण मिसळावयाचे, सुमारे १० मिनिटे थांबावयाचे आणि पांढऱ्या पृष्ठभागावर नळी धरून वरून खाली पाहत रंगाची तुलना करावयाची. तुलनेसाठी ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांची मालिका लागते. ती तयार करण्यासाठी प्रयोगशाळा शुद्ध अमोनियम क्लोराइडच वापरते: ३.८१९ ग्रॅम क्षार १ लिटर अमोनियारहित पाण्यात विरघळविला की त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. हेच द्रावण पुढे हवे तितके विरल करतात. कल्हईवाल्याचा नवसागर शुद्ध रूपात प्रयोगशाळेचे माप बनतो तो असा. गावातील तपासणी संचात या मालिकेऐवजी छापील रंगपट्टी असते.

चुकीचे निष्कर्ष निघण्याची कारणेही ध्यानी ठेवावीत. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी जड आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे नेसलरचे द्रावण मिसळताच गढूळपणा येतो आणि रंग वाचता येत नाही. तो टाळण्यासाठी आधी रोशेल क्षार घालतात. पाण्यात क्लोरीन असेल तर ते थायोसल्फेटने आधी काढावे लागते. नमुना उन्हात ठेवला अथवा दिवसभर रेंगाळला, तर जीवाणूंमुळे अमोनियाचे प्रमाण बदलते. म्हणून तो थंड ठेवून लवकर तपासावा. गोठ्याजवळ किंवा नुकत्याच स्वच्छ केलेल्या मुतारीशेजारी चाचणी करू नये. हवेतील अमोनियाही रंग देतो. प्रत्येक वेळी अमोनियारहित पाण्यावर तीच चाचणी करून पाहावी. त्या कोऱ्या नळीतही पिवळेपणा आला, तर दोष विहिरीचा नसून हाताचा, भांड्याचा किंवा जुन्या द्रावणाचा असतो.

नेसलरच्या द्रावणात पारा आहे, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जपानमधील मिनामाता येथील पारा-विषबाधा १९५६ मध्ये उघडकीस आली. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला, २०१७ मध्ये अंमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. अशा स्थितीत सॅलिसिलेट पद्धतीचा संच मिळत असेल तर त्यालाच पसंती द्यावी. नेसलरचा संच वापरात असेल तर चाचणीनंतरचे पिवळे पाणी मोरीत, गटारात किंवा विहिरीच्या काठावर कधीही ओतू नये. ते झाकणाच्या बाटलीत साठवून, त्यावर नाव घालून, प्रयोगशाळेकडे परत करावे. पाण्याच्या रक्षणासाठी केलेल्या चाचणीने पाणीच दूषित व्हावे, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

क्लोरीनचा भक्षक

अमोनियाचा आणखी एक परिणाम ग्रामपंचायतीच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. या अल्प प्रमाणातील अमोनियापासून थेट अपाय होण्यापेक्षा निर्जंतुकीकरणात येणारा अडथळा अधिक चिंतेचा असतो.

टी.सी.एल. पावडरीतील क्लोरीन पाण्यात पडताच तेथील अमोनियाशी संयोग पावते व क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. जंतू मारण्याची त्यांची शक्ती मुक्त क्लोरीनपेक्षा पुष्कळच कमी असते. मुक्त क्लोरीन शिल्लक राहावे असे वाटत असेल, तर अमोनियातील १ भाग नायट्रोजनसाठी व्यवहारात सुमारे ८ ते १० भाग क्लोरीन खर्ची पडते.

समजा, गावाच्या टाकीत ५०,००० लिटर पाणी आहे आणि त्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आहे. म्हणजे संपूर्ण टाकीत अवघा २५ ग्रॅम. परंतु त्याच्यासाठी २०० ते २५० ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडर ताजी व ३३ टक्के क्लोरीनची असेल तर ही सुमारे ६०० ते ७५० ग्रॅम पावडर झाली. गोदामात उघडी राहून तिची शक्ती २० टक्क्यांवर आली असेल, तर १ ते सव्वा किलो. नेहमीची मात्रा टाकून जलसुरक्षक समाधानाने घरी जातो आणि त्या मात्रेतील क्लोरीन अमोनियाच गिळून टाकतो.

त्यातही एक फसगत संभवते. अनेक गावांत उर्वरित क्लोरीन पाहण्यासाठी ऑर्थोटोलिडिनची, म्हणजे ओ.टी. चाचणी करतात. मुक्त क्लोरीन असेल तर पिवळा रंग तत्काळ येतो. क्लोरामाइनमुळेही पिवळा रंग येतो, परंतु सावकाश. नळी हातात धरून पाच मिनिटे गप्पा मारल्या आणि मग रंग पाहिला, तर "क्लोरीन आहे" अशी नोंद वहीत होते; प्रत्यक्षात गावाला मुक्त क्लोरीनचे संरक्षण नसते. म्हणून ओ.टी. चा रंग थेंब टाकताच, काही सेकंदांतच वाचावा. रंग नंतर हळूहळू गडद होत गेला, तर पाण्यात अमोनिया असल्याची शंका घ्यावी. ऑर्थोटोलिडिन स्वतः आरोग्यास अपायकारक आहे. ते हाताला लागू देऊ नये व चाचणीचे पाणी पिऊ नये. त्याऐवजी क्लोरीनने गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. चाचणी उपलब्ध असेल तर ती अधिक चांगली.

हा प्रश्न केवळ लहान गावांचा नाही. यमुनेच्या पाण्यातील अमोनिया वाढल्यामुळे दिल्लीतील वझिराबादसारख्या जलशुद्धीकरण केंद्रांना अनेक हिवाळ्यांत आपले काम कमी करावे लागले आहे. राजधानीतील सुसज्ज केंद्राची जेथे ही स्थिती होते, तेथे एका विहिरीवर आणि एका जलसुरक्षकावर अवलंबून असलेल्या गावाने किती दक्ष राहावे, हे निराळे सांगावयास नको.

रंग दिसल्यावर

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. संच गावात पोहोचला, नळीत रंगही दिसला. पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. वहीत नोंद करून संच कपाटात ठेवला तर चाचणी वाया गेली असे समजावे.

रंग हा निकाल नाही. ती साक्ष आहे, आणि साक्ष तपासून घ्यावी लागते. खोल बोअरच्या पाण्यात, प्राणवायूच्या अभावी, घाणीचा संबंध नसतानाही अमोनिया आढळू शकतो. उलट अमोनिया आढळला नाही म्हणून पाणी सुरक्षित आहे असेही ठरत नाही. त्याचे नायट्रेट झाले असेल, आणि जंतूंची परीक्षा तर स्वतंत्रच असते. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे; तिच्यापेक्षा अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांना विशेष अपायकारक ठरते. यास्तव रंग दिसताच पुढील क्रम पाळणे इष्ट होय.

प्रथम, कोऱ्या नळीसह चाचणी पुन्हा करावी. रंग पुन्हा आला तर दुसरा नमुना त्याच दिवशी उपविभागीय किंवा जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे रासायनिक आणि अणुजैविक अशा दोन्ही तपासण्यांसाठी पाठवावा. निकाल येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घेण्याची दवंडी द्यावी. विशेषतः लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे असलेल्या घरी हा निरोप प्रत्यक्ष पोहोचवावा. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणून त्याची शंका असेल तेथे तान्ह्या मुलांसाठी दुसऱ्या सुरक्षित उद्भवाचे पाणी द्यावे.

त्यानंतर सदस्यांनी स्वतः विहिरीभोवती फिरून पाहावे. कठडा तडकला आहे काय? सांडपाणी काठाशी साचते काय? जवळ उकिरडा, गोठा किंवा शोषखड्डा आहे काय, आणि जमिनीचा उतार कोणीकडे आहे? जलवाहिनी गटारातून गेली आहे काय, आणि तिला गळती आहे काय? पाणीपुरवठा बंद असताना रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण शिरते, हे विसरू नये. ही पाहणी ग्रामपंचायतींना नवीन नाही. स्वच्छता सर्वेक्षणानंतर मिळणाऱ्या लाल, पिवळ्या व हिरव्या कार्डांचा आधार हीच पाहणी असते. अमोनियाचा रंग तीच पाहणी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता करावयास सांगतो. शेवटी, दोष दुरुस्त झाल्यावर त्याच ठिकाणची चाचणी पुन्हा करावी आणि दोन्ही निकाल सूचनाफलकावर लावावेत.

क्लोरीनची मात्रा वाढविणे हा तात्पुरता उपाय आहे. त्याने काही दिवस निभावतात. परंतु शोषखड्डा जेथल्या तेथे राहतो. ज्या गावाने केवळ पावडर वाढविली, त्याला पुढच्या पावसाळ्यात तोच रंग पुन्हा पाहावा लागेल.

शिक्षकांचे सहकार्य

या कामी शाळेचे साहाय्य मोलाचे ठरेल. हळदीच्या पट्टीचा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी रंगाचा अर्थ घरी जाऊन सांगतो आणि फळ्यावरील चार सूचनांपेक्षा त्याचे बोलणे घरात अधिक ऐकले जाते. पारायुक्त द्रावण मात्र मुलांच्या हाती देऊ नये. विद्यार्थ्यांनी विहिरीचा परिसर पाहून नकाशा काढावा, उकिरडे व शोषखड्डे त्यावर दाखवावेत आणि तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. नळीत रंग आल्यावर कोठे पाहावयाचे, हे असा नकाशा सांगू शकेल.

चुना लागला की हळद लाल होते, हे पाहून गृहिणी थांबत नाही. ती तो डाग धुऊन काढते. गावाच्या पाण्यात दिसलेल्या पिवळ्या किंवा निळ्या रंगाच्या बाबतीतही ग्रामपंचायतीकडून तेवढीच अपेक्षा आहे. काचनळीतील रंग काही वेळाने नाहीसा होतो. त्याचे कारण मात्र विहिरीच्या काठावर राहते आणि ते दूर करणे गावाच्याच हाती आहे.